माँटगोमेरी काउंटी : ३२ मतांनी ठरलेला कारभारी

२६ जून २०१८, मंगळवार. ऑफिसला जायच्या आधी मत देऊन टाकावं म्हणून मी सकाळीच जर्मनटाउनमधल्या मतदान केंद्रावर गेले. टेबलामागच्या बाईंनी यंत्रावर माझं नाव शोधलं, जन्मतारीख आणि पत्ता विचारला, सही घेतली आणि मतपत्रिका हातात दिली. आडोशाला जाऊन पेन उघडलं, तर कागदावर फक्त शाळा मंडळाची नावं. काउंटी एक्झिक्युटिव्हचा, म्हणजे काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) प्रमुखाचा, रकानाच नाही. मी परत टेबलाशी आले. बाईंनी शांतपणे सांगितलं, "तुमची नोंद कुठल्याच पक्षात नाही. आज पक्षांची प्रायमरी आहे." प्रायमरी म्हणजे मुख्य निवडणुकीआधी पक्ष आपला उमेदवार ठरवतो ते मतदान. आता पक्ष नोंदवला तर चालेल का, असं विचारलं, तर ती मुदत तीन आठवड्यांपूर्वीच संपली होती.

नागरिकत्वाच्या वेळी मतदार नोंदणीचा अर्ज भरताना पक्षाच्या रकान्यात मी "कोणताही नाही" असं लिहिलं होतं. आपल्याकडे मतदार यादीत नाव घालताना पक्ष कोणी विचारत नाही. मत गुप्त, तर पक्ष तरी सरकारदरबारी का सांगायचा, असं मला वाटलं होतं. त्या दिवशी संध्याकाळपासून मतमोजणी सुरू झाली आणि पुढे फेरमोजणीपर्यंत गेली. शेवटी साडेदहा लाख वस्तीच्या आमच्या काउंटीचा प्रमुख ७७ मतांच्या फरकाने ठरला. चार वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच दोन माणसांमध्ये तो फरक ३२ वर आला.

हे प्रकरण त्या दोन निवडणुकांचं आहे. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटी, डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, आणि दोन्ही वेळा समोरासमोर मार्क एलरिच आणि डेव्हिड ब्लेअर. ते पुन्हा उलगडून बघावंसं वाटतं, कारण इथे राहणारे आपले बरेच लोक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवर रात्र रात्र बोलतात, आणि ज्याच्या सहीने घरासमोरचा बर्फ उचलला जातो त्या माणसाचं नाव त्यांना ठाऊक नसतं.

पद आहे तरी काय

मेरीलँडमध्ये २३ काउंट्या आहेत, शिवाय बाल्टिमोर शहर स्वतंत्र. त्यांतल्या नऊ काउंट्यांमध्ये लोकांनी थेट निवडून दिलेला काउंटी एक्झिक्युटिव्ह असतो. बाकीच्या ठिकाणी आयुक्तांचं किंवा कौन्सिलचं मंडळ कारभार बघतं. मराठी वाचकाला पटकन कळावं म्हणून सांगायचं तर कलेक्टरची प्रशासकीय सत्ता आणि थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाचा लोकांकडून मिळालेला अधिकार एकाच खुर्चीत आणून ठेवले आहेत असं समजा. फरक एवढाच की ही खुर्ची राज्य सरकार भरत नाही. तिची मुदत चार वर्षांची.

माँटगोमेरीत तर या खुर्चीचं वजन जास्तच. वॉशिंग्टन शहराला लागून असलेली ही काउंटी २०२० च्या जनगणनेत १०,६२,०६१ लोकसंख्येची होती, राज्यात सगळ्यात मोठी. पण तिथली सिल्व्हर स्प्रिंग, बेथेस्डा, जर्मनटाउन ही नावं ऐकून ती शहरं वाटली तरी कायद्याने ती शहरं नाहीत. त्यांना महापौर नाही, नगरपालिका नाही. रॉकव्हिल, गेदर्सबर्ग, टाकोमा पार्क अशा काही गावांना स्वतःची पालिका आहे. उरलेल्या बहुतेकांसाठी पोलीस, अग्निशमन, रस्ते, वाचनालय, राइड ऑन बस, सगळं काउंटी. दारूची घाऊक विक्रीसुद्धा काउंटीच करते. अमेरिकेतली दारूबंदी उठल्यापासून चालत आलेली ही पद्धत आहे.

एक्झिक्युटिव्ह दर वर्षी १५ मार्चपर्यंत अर्थसंकल्प कौन्सिलसमोर, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या सभागृहासमोर, ठेवतो. २०२२ मध्ये तो आकडा ६ अब्ज डॉलरच्या वर गेला होता आणि त्यातला जवळपास निम्मा पैसा शाळांकडे जातो. पोलीसप्रमुख आणि खातेप्रमुख नेमतो तोच, कौन्सिलच्या संमतीने. एक गोष्ट मात्र त्याच्या हातात नाही: जमिनीचा वापर. कुठे किती मजली इमारत होणार हे नियोजन मंडळ आणि कौन्सिल ठरवतं. हे इथेच लक्षात ठेवायला हवं, कारण दोन्ही निवडणुकांत सगळ्यात जास्त भांडण नेमकं बांधकामावरूनच झालं.

हे पद माँटगोमेरीत मुळात नव्हतं. १९४८ साली स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची स्वतःची नियमावली, घेणारी ही राज्यातली पहिली काउंटी, पण त्या सनदेत कौन्सिल आणि तिने नेमलेला व्यवस्थापक अशी रचना होती. १९६८ मध्ये सनद बदलली आणि १९७० मध्ये पहिला एक्झिक्युटिव्ह निवडून आला: जेम्स ग्लीसन, रिपब्लिकन. त्यांच्यानंतर आजवर एकही रिपब्लिकन या खुर्चीवर बसलेला नाही. कौन्सिलमधला शेवटचा रिपब्लिकन २००६ मध्ये हरला.

याच राज्यातल्या बाल्टिमोर काउंटीचं उदाहरण दिल्याशिवाय या पदाची ताकद कळत नाही. स्पायरो ॲग्न्यू १९६२ मध्ये तिथे काउंटी एक्झिक्युटिव्ह झाले, चार वर्षांत गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि १९६९ मध्ये देशाचे उपराष्ट्राध्यक्ष. १९७३ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. ज्या लाचखोरीच्या चौकशीत ते सापडले, तिचं मूळ त्यांच्या काउंटीतल्या दिवसांत होतं: सरकारी कामं मिळवणाऱ्या अभियंत्यांकडून घेतलेल्या पैशांत. रस्त्याची आणि पुलांची कंत्राटं जिथून सुटतात ती जागा किती मोठी असते, हे आपल्या जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

२०१८: सहा जण

या गोष्टीची सुरुवात खरं तर २०१६ मध्ये होते. त्या नोव्हेंबरात काउंटीतल्या जवळपास ७० टक्के मतदारांनी एक ठराव मंजूर केला: एक्झिक्युटिव्ह आणि कौन्सिल सदस्य, दोघांनाही सलग तीनच मुदती. वर्षानुवर्षं बसलेली माणसं हलावीत, एवढाच त्यामागचा हेतू. पण झालं असं की २०१८ मध्ये कौन्सिलचे बरेच अनुभवी सदस्य एकदमच बाहेर पडले, आणि त्याच वर्षी १२ वर्षं एक्झिक्युटिव्ह असलेले आइक लेगेट निवृत्त होत होते. बाहेर पडलेल्यांना जायला एकच जिना वर होता.

डेमोक्रॅटिक प्रायमरीत सहा जण उतरले. एलरिच, रॉजर बर्लिनर आणि जॉर्ज लेव्हेंथल हे तिघे कौन्सिलमधले. रोझ क्रॅस्नाउ या रॉकव्हिलच्या माजी महापौर. बिल फ्रिक राज्याच्या विधिमंडळातले. आणि सहावे ब्लेअर, ज्यांनी याआधी कुठलंच पद लढवलं नव्हतं.

एलरिच आणि ब्लेअर यांच्यात साम्य शोधून सापडत नाही. एलरिच १९८७ पासून टाकोमा पार्कच्या पालिकेत, २००६ पासून काउंटी कौन्सिलमध्ये, आणि त्याबरोबर १७ वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षक. बिल्डरांविषयी त्यांना पहिल्यापासून संशय. शाळांवर, रस्त्यांवर येणारा भार बिल्डरने उचलला पाहिजे, हा त्यांचा धोशा. कामगार संघटना आणि शिक्षक संघटना त्यांच्या पाठीशी. इथली शिक्षक संघटना मतदान केंद्राबाहेर सफरचंदाचं चित्र छापलेलं पत्रक वाटते, त्यावर संघटनेने पसंत केलेली नावं असतात. अनेक पालक ते पत्रक हातात धरूनच आत जातात. मी ते पाहिलं आहे.

ब्लेअर औषधविम्याचं व्यवस्थापन करणाऱ्या कॅटॅलिस्ट हेल्थ सोल्यूशन्सचे प्रमुख होते. २०१२ मध्ये ती कंपनी ४.४ अब्ज डॉलरला विकली गेली. त्यांचं म्हणणं, नदीपलीकडच्या व्हर्जिनियात नोकऱ्या जात आहेत आणि आपण नियम वाढवत बसलो आहोत. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने दोन्ही वेळा त्यांनाच पाठिंबा दिला.

पैशाचाही सामना विषम होता, पण त्यात एक नवीन गोष्ट होती. २०१४ मध्ये काउंटी कौन्सिलने निवडणूक खर्चासाठी सार्वजनिक निधीचा कायदा केला आणि २०१८ मध्ये तो पहिल्यांदा वापरला गेला. त्या वेळचा नियम असा: उमेदवाराने कंपन्यांकडून, संघटनांकडून पैसे घ्यायचे नाहीत. एका माणसाकडून १५० डॉलरपेक्षा जास्त नाही. काउंटीतल्या किमान ५०० जणांकडून ४०,००० डॉलर जमले की तो निधीला पात्र. मग एक्झिक्युटिव्हच्या उमेदवाराला देणगीच्या पहिल्या ५० डॉलरवर दर डॉलरमागे सहा, पुढच्या ५० वर चार आणि त्यापुढच्या ५० वर दोन डॉलर काउंटी घालायची. म्हणजे शेजारच्या आजींनी १५० डॉलरचा चेक दिला, तर काउंटीचे ६०० मिळून उमेदवाराच्या हाती ७५० पडायचे. एलरिच या मार्गाने गेले. ब्लेअर यांनी स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर ओतले. टीव्हीवर, टपालपेटीत, फोनवर, सगळीकडे ब्लेअर.

निकाल: एलरिच ३७,५३२, ब्लेअर ३७,४५५. फेरमोजणीनंतरचा फरक ७७.

सहा जणांत मतं वाटली गेल्यामुळे विजेत्याला २९ टक्केच मिळाले. शंभरातल्या एकाहत्तर डेमोक्रॅटिक मतदारांची पहिली पसंती दुसरी कोणी होती, तरी नियमाप्रमाणे एलरिच उमेदवार झाले आणि यात कुणाचीही लबाडी नव्हती. काउंटीच्या लोकसंख्येशी ताडून पाहिलं तर शंभरातल्या चारांपेक्षाही कमी माणसांनी हा निर्णय घेतला.

हा निकाल काहींना पचला नाही. कौन्सिलमधल्या नॅन्सी फ्लोरीन यांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडला आणि अपक्ष म्हणून नोव्हेंबरच्या निवडणुकीत उतरल्या. रिपब्लिकनांकडून रॉबिन फिकर होते, २०१६ चा मुदतमर्यादेचा ठराव आणणारे तेच. म्हणजे ज्यांच्या ठरावाने हे सगळे दिग्गज कौन्सिलबाहेर काढले, ते स्वतः आता रिंगणात. नोव्हेंबरमध्ये एलरिच सुमारे ६५ टक्के मतं घेऊन आरामात जिंकले. त्या दिवशी मीही मत दिलं. पण खरी लढत जूनमध्येच संपली होती आणि जूनमध्ये मी शाळा मंडळावर शिक्का मारून परत आले होते.

पुढच्या आठवड्यात मी माझी पक्षनोंदणी बदलली.

२०२२: तेच दोघे

एलरिच यांची पहिली मुदत कोविडमध्ये गेली. ब्लेअर परत उभे राहिले. तिसरे हान्स रीमर, कौन्सिलचे सदस्य, तीन मुदती संपल्यामुळे तिथून बाहेर पडणं भाग असलेले. चौथे पीटर जेम्स. सहाचे चार झाले होते.

प्रायमरी २८ जूनला व्हायची होती. मतदारसंघांच्या नव्या नकाशांवर खटले चालू असल्यामुळे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९ जुलैवर ढकलली. जुलैचा तिसरा आठवडा म्हणजे इथे भर सुट्टीचा काळ. शाळा बंद, अर्धी काउंटी समुद्रावर, आणि आपल्यापैकी अनेक जण मुलांना घेऊन भारतात गेलेले. माझ्या ओळखीतल्या तीन घरांनी त्या वर्षी मत दिलं नाही, कारण १९ तारखेला ते पुण्यात आणि नाशकात होते आणि टपाली मतपत्रिका वेळेत मागवायचं राहून गेलं. तीन घरं, सहा मतदार. पुढे फरक काय आला ते आठवलं की आजही त्यांना चुटपुट लागते.

मी टपालानेच मत दिलं. पाकीट जुलैच्या सुरुवातीला आलं. आत मतपत्रिका, सूचना आणि परतीचं पाकीट. काळ्या शाईने लंबगोल पूर्ण भरायचा, खूण किंवा फुली चालत नाही. मतपत्रिका पाकिटात घालायची, पाकीट बंद करायचं आणि बाहेर छापलेल्या शपथेखाली सही करायची. सही राहिली की गोंधळ. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून ते भरलं, सही दोनदा तपासली आणि मतपेटीत टाकून आले. भरलेलं पाकीट हातात असताना उगाचच छातीत धडधडत होतं.

पाकिटांचा हिशेब

१९ जुलैच्या रात्री केंद्रावरच्या मतांमध्ये ब्लेअर थोडे पुढे होते. टपाली मतं अजून उघडलीच नव्हती, कारण मेरीलँडच्या कायद्यानुसार मतदानाचा दिवस उलटल्याशिवाय ती उघडायची नसत. या नियमामागे विचार होता: आधी मोजली तर आकडे फुटतील आणि उरलेल्या मतदारांवर परिणाम होईल. टपालाने मत देणारे मूठभर असतानाच्या काळात हा नियम चालून जात होता. कोविडनंतर टपाली मतदान सवयीचं झालं आणि माँटगोमेरीत तर ढिगांनी पाकिटं आली.

हे होणार हे आधीच दिसत होतं. विधिमंडळाने त्या वसंतात पाकिटं आधी उघडायला परवानगी देणारं विधेयक मंजूरही केलं होतं. त्यात सही राहिली तर मतदाराला ती दुरुस्त करायची संधी देण्याचीही सोय होती. गव्हर्नर लॅरी होगन यांनी मे महिन्यात त्यावर नकाराधिकार वापरला. सह्या पडताळण्याची तरतूद त्यात नाही, हा त्यांचा आक्षेप. आक्षेप विचार करण्याजोगा होता हे मी मान्य करते. पण त्याची किंमत जुलै-ऑगस्टमध्ये निवडणूक कार्यालयातल्या माणसांनी आणि दोन्ही उमेदवारांनी मोजली, आठवडेच्या आठवडे.

मोजणी कशी चालते हे जवळून समजून घेतलं की इतका वेळ का लागतो ते कळतं. दोघा-दोघांच्या जोड्या बसतात आणि जोडीतले दोघे वेगवेगळ्या पक्षांचे असतात. पाकिटावरची शपथ आणि सही बघायची, पाकीट फोडायचं, मतपत्रिका वेगळी करायची म्हणजे नाव आणि मत यांची ताटातूट होते, घड्या सरळ करायच्या, मग स्कॅनर. त्यातही एक प्रकार सगळ्यात वेळखाऊ. काही मतदार मतपत्रिका इंटरनेटवरून उतरवून घेतात आणि घरच्या प्रिंटरवर छापतात. तो साधा कागद स्कॅनर घेत नाही. म्हणून जोडीतला एक जण वाचतो, दुसरा अधिकृत मतपत्रिकेवर तेच मत हाताने उतरवतो आणि दोघे ताडून बघतात. प्रत्येक मत, प्रत्येक रकाना. दहावीच्या पेपर तपासणीच्या केंद्रावर माझे वडील बसायचे. मार्कांची बेरीज करायचे, मग मॉडरेटर तीच बेरीज परत करायचा. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं.

पाकिटं उघडत गेली तसं पारडं एलरिच यांच्याकडे झुकलं. नंतर प्रोव्हिजनल मतपत्रिका, म्हणजे ज्यांच्या पात्रतेबद्दल केंद्रावर शंका होती त्यांनी वेगळ्या पाकिटात दिलेली मतं. त्यानंतर वेळेत टपालात टाकलेली पण उशिरा पोचलेली पाकिटं. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालशिक्का असेल तर २९ जुलैच्या सकाळी १० पर्यंत आलेलं पाकीट ग्राह्य होतं. ऑगस्टच्या मध्याला निकालावर शिक्कामोर्तब करायची वेळ आली तेव्हा १०२ प्रोव्हिजनल मतपत्रिका मोजायच्या राहून गेल्याचं लक्षात आलं. फरक जेमतेम काही डझन मतांचा आणि बाजूला १०२ कागद! शिक्कामोर्तब थांबलं, ते कागद मोजले गेले आणि मग अधिकृत फरक आला ३५.

मला इथे निवडणूक कार्यालयाची बाजू घ्यावीशी वाटते. चूक झाली हे खरंच, पण ती त्यांनीच शोधली, उघड सांगितली आणि सगळ्यांसमोर दुरुस्त केली. एवढ्या कमी फरकात ती दडपायचा मोह कुणालाही झाला असता.

ब्लेअर यांनी फेरमोजणी मागितली. फरक फारच थोडा असला की तिचा खर्च मागणाऱ्यावर पडत नाही, त्यामुळे ती मागण्यात गैर काहीच नव्हतं. फेरमोजणी काही दिवस चालली. ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात, मतदानानंतर पाच आठवडे उलटल्यावर, अंतिम आकडे आले:

एलरिच ५५,५०४.
ब्लेअर ५५,४७२.

दोघांची मिळून १,१०,९७६ मतं आणि फरक ३२. आमच्या सोसायटीतल्या एका गल्लीत यापेक्षा जास्त मतदार राहतात. ब्लेअर यांनी निकाल मान्य केला. लागोपाठ दोनदा हातातोंडाशी आलेला घास गेला, तोही अशा माणसाचा, ज्याने दोन्ही वेळा स्वतःचा एवढा पैसा ओतला होता. त्यांच्या धोरणांशी माझं जमत नाही, पण त्यांनी निकाल स्वीकारला त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. त्या वर्षी देशात हरलेल्या सगळ्यांनी तसं केलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये एलरिच यांनी रिपब्लिकन रिअर्डन सलिव्हन यांना हरवलं. जवळपास तीन चतुर्थांश मतं एलरिच यांना. जुलैत ३२ मतांवर लटकलेला माणूस नोव्हेंबरात एवढ्या फरकाने जिंकतो, यातच सगळं आलं.

ज्यांच्यासाठी दार बंद होतं

रीमर यांना २८,१९३ मतं मिळाली. ते उभे नसते तर काय झालं असतं, ही चर्चा इथे आजही रंगते. अनेक जण ठामपणे सांगतात की ती मतं ब्लेअर यांची होती, कारण घरं जास्त बांधली पाहिजेत असं रीमर म्हणत होते आणि एलरिच त्याला विरोध करत होते. मला हे एवढं सरळ वाटत नाही. रीमर प्रागतिक गोटातले, बऱ्याच तरुणांना आवडणारे. त्यांच्या मतदारांपैकी अनेकांना कोट्यधीश उद्योगपती नको होता. ती मतं दोन्हीकडे गेली असती. कुठल्या प्रमाणात, ते कागदावर कुठेच नोंदलेलं नाही, कारण दुसरी पसंती कुणी विचारलीच नाही.

आणि ती विचारायची पद्धत या काउंटीच्याच पोटात आहे. टाकोमा पार्क, एलरिच यांचं स्वतःचं गाव, पालिकेच्या निवडणुकीत २००७ पासून पसंतीक्रमाने मतदान घेतं. मतदार पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम देतो. कुणालाच निम्म्याहून अधिक मतं मिळाली नाहीत, तर सगळ्यात मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे सरकतात. आपल्याकडे विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत १, २, ३ लिहून मत देणाऱ्यांना हे नवीन नाही. काउंटीला मात्र हे स्वतःहून करता येत नाही, त्यासाठी राज्याची राजधानी ॲनापोलिस इथल्या विधिमंडळाची परवानगी हवी. तशी विधेयकं वर्षामागून वर्षं मांडली गेली आणि अडकून राहिली. २०१८ मध्ये २९ टक्क्यांवर एक्झिक्युटिव्हचा उमेदवार ठरला तेव्हाच ती मंजूर व्हायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याहून मोठी गोष्ट माझ्या मते दुसरी. २०२२ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत या पदासाठी सुमारे १ लाख ४१ हजार मतं पडली. काउंटीत नोंदलेले डेमोक्रॅट सुमारे चार लाख. म्हणजे ज्यांच्या हातात मतपत्रिका पडू शकत होती त्यांतल्याही बहुसंख्यांनी ती वापरली नाही. आणि कुठल्याच पक्षात न नोंदलेले मतदार दीड लाखाच्या आसपास. त्यांना या खऱ्या निवडणुकीत मतच नव्हतं. ही प्रायमरी बंद दाराची आहे, पक्षाची नोंद असेल तरच आत. पक्ष म्हणेल की आमचा उमेदवार आम्ही ठरवू, आणि जिथे दोन पक्ष तुल्यबळ आहेत तिथे ते बरोबरच आहे. पण जिथे १९७० च्या दशकानंतर एकाच पक्षाचा माणूस खुर्चीवर बसतो आहे, तिथे त्या पक्षाची प्रायमरी हीच काउंटीची निवडणूक असते.

या दीड लाखांत आपले किती असतील याचा आकडा माझ्याकडे नाही. पण क्लार्क्सबर्ग, जर्मनटाउन, गेदर्सबर्गमधल्या मराठी घरांत मी जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा पक्षाच्या रकान्यासमोर बहुतेकांनी माझ्यासारखंच लिहिलेलं आढळलं. काहींना राजकारणात अडकायचं नव्हतं, काहींना वाटलं की तटस्थ राहणं हेच चांगल्या नागरिकाचं लक्षण. आणि ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी आहे ते तर काउंटीचा मालमत्ता कर भरतात, मुलांना काउंटीच्या शाळेत घालतात आणि काउंटीच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाहीत. टाकोमा पार्कसारख्या काही मोजक्या गावांत राहत असतील तर त्या गावच्या पालिकेसाठी देऊ शकतात. टाकोमा पार्कमध्ये १९९० च्या दशकापासून नागरिक नसलेल्या रहिवाशांना आणि २०१३ पासून १६ वर्षांच्या मुलांनाही मत आहे.

पुढे काय बदललं

टपाली मतांचा नियम बदलला. नोव्हेंबर २०२२ साठी राज्याच्या निवडणूक मंडळाने कोर्टात जाऊन पाकिटं लवकर उघडायची परवानगी मिळवली, आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तसा कायदाच केला. आता पाकिटं मतदानाच्या दिवसाआधीच उघडून तयार ठेवता येतात.

मुदतमर्यादाही परत हलली. २०२४ मध्ये एक्झिक्युटिव्हसाठी सलग तीनऐवजी दोनच मुदती, असा ठराव मतदारांपुढे आला आणि मंजूर झाला. तो आणणाऱ्यांत पुढे होते तेच सलिव्हन, २०२२ मध्ये एलरिच यांच्याकडून हरलेले. त्यामुळे एलरिच यांना तिसऱ्यांदा हे पद लढवता येत नाही. २०१६ च्या ठरावाने त्यांना कौन्सिलमधून उचलून या पदाकडे ढकललं आणि २०२४ च्या ठरावाने या पदावरून उतरवलं.

प्रायमरीचं दार मात्र बंदच आहे. म्हणून मी आता एक काम करते. आमच्या भागात कुणाच्या नागरिकत्वाची शपथ झाली की पेढे घेऊन जाते, आणि मतदार नोंदणीचा अर्ज भरताना शेजारी बसते. पक्ष कुठला ते त्यांचं त्यांनी ठरवावं, मी तोंडातून नाव काढत नाही. फक्त त्या रकान्यापाशी पेन थांबलं की २६ जून २०१८ ची ती मतपत्रिका कशी दिसत होती ते सांगते. गेल्या खेपेला एका काकांनी अर्ज तसाच टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि विचारलं, "३२ म्हणजे अक्षरशः बत्तीस? मागे शून्यं नाहीत?"

"नाहीत," म्हटलं.

त्यांनी चष्मा घातला आणि पेन उचललं.